वेशीवरचा काटा

आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे नाव २०२५ साल सरत येईपर्यंत यवतमाळ जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या कानावर गेले नसावे. सुमारे दीड हजार वस्तीच्या या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म संगणकीय दप्तरात नोंदले गेले असल्याचे, विलंबाने झालेल्या नोंदींची तपासणी चालू असताना उघडकीस आले, तेव्हा लोक प्रथम हसले आणि मग, त्या हसण्याचा अर्थ ध्यानात आल्यावर, गंभीर झाले. महाराष्ट्रात दर हजार वस्तीमागे वर्षाला साधारण पंधरा मुले जन्माला येतात. त्या मानाने या गावी वर्षाकाठी वीस-पंचवीस पाळणे हलावेत. दप्तरात मात्र दिवसाला तीनशे हलत होते. या प्रकरणी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आहे, आणि त्यात कोणाचा हात होता हे ठरविणे तपास करणाऱ्यांचे व न्यायालयाचे काम आहे. त्यांच्या अधिकारात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही.

मला पडलेला प्रश्न निराळा आहे, आणि तो कोणा एका यंत्रणेच्या बांधणीपुरता नाही. दिवसाला तीनशे जन्म नोंदले जात असताना त्या दप्तराच्या दारात ‘जरा थांबा’ म्हणणारे कोणीच कसे नव्हते? आपल्या जुन्या कागदी कारभाराची मंदगती हा आपण आयुष्यभर चेष्टेचा विषय केला. परंतु त्या मंदगतीच्या पोटात काही शहाणपण दडलेले होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा पाहिला, तर जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी, त्यानंतर विलंबशुल्क भरावे, महिना उलटल्यास वरिष्ठाची लेखी परवानगी घ्यावी, आणि वर्ष लोटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय नोंद होऊ नये, अशी पायरीपायरीने चढत जाणारी रुजवात त्यात सांगितलेली आढळते. कायद्यात न लिहिलेली आणखी एक पायरी खुद्द वहीतच होती. वहीला पाने असतात, आणि ती संपतात. ज्या गावाला एक वही वर्षानुवर्षे पुरते, तेथल्या ग्रामसेवकाला एका आठवड्यात दुसरी आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी वही मागण्यासाठी पंचायत समितीत जावे लागले असते, आणि वह्यांचा साठा सांभाळणाऱ्या अगदी कनिष्ठ कारकुनानेही चष्मा कपाळावर चढवून विचारले असते, ‘अहो, गावात चालले आहे तरी काय?’

संगणकाच्या वहीला पाने नसतात. म्हणून कागदाच्या मर्यादेने जे काम नकळत होत असे ते आता जाणूनबुजून, शब्दांत लिहून, दारावर बसवावे लागते. आणि ते कोठे, कसे व किती बसवावे याविषयी संगणकतज्ज्ञांच्या जगात एक साधी व नम्र युक्ती गेली काही वर्षे रुळली आहे. तिची ओळख सामान्य वाचकालाही असावी असे मला वाटते, कारण त्याच्याच पैशाने आणि त्याच्याच नावाने शासन ही यंत्रे विकत घेत असते.

प्रथम ‘सर्व्हरलेस’ या फसव्या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. त्यात सर्व्हर नसतो असे नव्हे. तो असतो, पण आपल्या दावणीला बांधलेला नसतो. आपल्या वऱ्हाडात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. त्याचा वर्षाचा मुशाहिरा एकदा कबूल केला की पाऊस पडो वा न पडो, शेतात काम असो वा नसो, तो द्यावाच लागतो. उलट कापूस फुटला म्हणजे वेचणीला ज्या बाया येतात त्यांचा हिशेब किलोवर असतो. जेवढा वेचला तेवढा मोजला, मजुरी चुकती केली, आणि दुसऱ्या दिवशी कापूस नसेल तर कोणी कोणाचे देणे लागत नाही. ॲमेझॉन या कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ नावाची सेवा जाहीर करून संगणकाच्या कामालाही ही वेचणीची मजुरी लागू केली. एक लहानसे काम, ज्याला तज्ज्ञ ‘फंक्शन’ म्हणतात, लिहून ठेवावे. मागणी आली की ते जागे होते, आपले काम उरकते आणि पुन्हा निद्रिस्त होते. एका कामाला पंधरा मिनिटांहून अधिक अवधी मिळत नाही, आणि डिसेंबर २०२० पासून तर त्याची आकारणी सेकंदाच्या हजाराव्या भागाने होते. याच कंपनीची मुंबईची केंद्रे जून २०१६ मध्ये सुरू झाली, आणि पुढे ही सोयही आपल्या उंबरठ्याशी आली.

शेतीप्रधान जिल्ह्याच्या कारभाराला हा मजुरीचा प्रकार किती मानवेल हे सांगायला नको. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळ येथूनच किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता, २१ हजार कोटींहून अधिक रुपयांचा, देशातील नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांसाठी वितरित केला. अशा दिवशी ‘आला का?’ या एका प्रश्नाचा जो लोंढा लोटतो तो पुढच्या पंधरवड्यात ओसरून जातो. ऑगस्ट २०२५ अखेर भारतीय कपास निगमाने ‘कपास किसान’ हे ॲप आणले आणि लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव हवा असेल त्याने आधी त्यावर नोंदणी करावी असा दंडक घातला. तेथेही गर्दी हंगामाची, आणि शुकशुकाट उरलेल्या वर्षाचा. अशा चढउताराच्या कामाला सालगडी ठेवावा तर तो आठ महिने बसून खातो आणि चार महिने अपुरा पडतो.

परंतु वेचणीची बाई आणि हे फंक्शन यांत एक मोठा भेद आहे. बाईला काल कोणत्या तासात वेचणी झाली हे आठवते, परका माणूस धुऱ्यावरून आत शिरला तर ती हटकते, आणि ओल्या बोंडाला हात लावीत नाही. फंक्शनला यातले काहीच उपजत नसते. समोर आलेला अर्ज कोणाचा आहे, तो पुरा भरला आहे की अर्धवट, मागणाऱ्याला मागण्याचा हक्क आहे की नाही, नाकारायचे तर काय शब्दांत, आणि हे सर्व घडल्याची नोंद कोठे ठेवायची, हा सारा शिष्टाचार प्रत्येकाला स्वतंत्रपणे शिकवावा लागतो. एका कारभारात अशी दहा-वीस फंक्शने सहज होतात. आणि घाईत असलेला कारागीर तोच शिष्टाचार प्रत्येकात उतरवून काढतो. अनर्थाचे बीज येथे पडते.

घाटंजीकडचा एक तरुण, जो एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदणीचे काम पाहतो, त्याच्या शेजारी बसून मी हे बीज उगवलेले पाहिले. त्याच्याकडे बारा फंक्शने होती; एक सभासद नोंदवी, एक कापसाची आवक टिपी, एक पावती देई, असे बाराजणांचे बारा उद्योग. मध्यंतरी सभासदाच्या ओळखीची अट बदलली. तो एकेक फाईल उघडून ती दुरुस्त करीत गेला. ‘काकाजी,’ तो मला म्हणाला, ‘अकरा जागी दुरुस्त केलं, बाराव्या जागी राहून गेलं, अन् चोर नेमका त्या बाराव्याच दारानं येते.’ त्या वेळी चोर आला नव्हता, एका सभासदाच्या नावावर दुसऱ्याची पावती निघाली होती एवढेच. पण त्याची झोप उडायला तेवढे पुरे झाले.

त्यावर त्याने जो उपाय केला त्याचे नाव मिडलवेअर. आपण त्याला मधला थर म्हणू. मागणी आणि मुख्य काम यांच्या मध्ये हा थर बसतो, आणि सर्वांना समान असणारा शिष्टाचार एकदाच, एकाच ठिकाणी, लिहून ठेवतो. लॅम्डासाठी अशा थरांची जी लहान लायब्ररी, म्हणजे आयत्या लिहून ठेवलेल्या तुकड्यांचा संग्रह, जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांत प्रचलित आहे तिचे नाव ‘मिडी’. लुचानो मम्मिनो या इटालियन संगणकतज्ज्ञाने ती २०१७ साली सुरू केली, आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते व वाचून पाहता येते. तिचे मर्म समजायला मात्र संगणकाजवळ जाण्याची गरज नाही. हंगामात कोणत्याही कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाशी तासभर उभे राहिले तरी पुरे.

शेतकऱ्याची गाडी फाटकावर येते, तेव्हा प्रथम त्याचे नाव, सातबारा आणि ठरलेली तारीख पाहतात. मग भरलेली गाडी भुईकाट्यावर चढते व तिचे वजन टिपले जाते. मग ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन धागा पाहतो, ओलावा मोजतो, आणि ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पुरा भाव, १२ पर्यंत असेल तर कपात, त्यापुढे असेल तर गाडी परत. एवढे झाल्यावरच मुख्य काम, म्हणजे कापूस खाली करणे, घडते. पण गंमत पुढे आहे. रिकामी गाडी परतताना पुन्हा त्याच काट्यावर चढते. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा जाते तेव्हा कोठे खरे माप हाती येते. काटापट्टी तयार होते, आणि ज्या फाटकातून गाडी आत आली तेथेच ती दाखवून शेतकरी बाहेर पडतो. जाताना जो क्रम, येताना त्याचा उलटा. मिडीची रचना नेमकी हीच आहे: प्रत्येक थराला ‘आधी’ करायचे एक काम आणि ‘नंतर’ करायचे एक काम देता येते; आधीची कामे पहिल्या थरापासून आत जातात, नंतरची शेवटच्या थरापासून उलट बाहेर येतात; आणि मध्येच काही बिघडले तर ‘चूक झाल्यास’ काय करायचे याची तिसरी सोय असते, जेणेकरून परत फिरविलेल्या गाडीला निदान कारण सांगितले जावे. जुन्या कचेरीतला बारनिशी कारकून हेच करीत असे; आवक क्रमांक त्याच्या हातचा, जावक क्रमांकही त्याच्याच हातचा, आणि मधला निर्णय साहेबांचा. साहेबांनी शिक्के मारावेत, किंवा बारनिशीने निर्णय द्यावेत, अशी अपेक्षा कोणी करीत नसे.

त्या तरुणाने आपली बारा फंक्शने मला दुसऱ्यांदा दाखविली तेव्हा प्रत्येक फाईलच्या तळाशी त्याच पाच नावांची एक ओळ होती: आवक-जावक टिपणारा, अर्जाची घडी उलगडणारा, ओळख पाहणारा, नमुन्याशी ताडून पाहणारा, आणि चुकीचे सभ्य उत्तर देणारा. वर उरलेले मुख्य काम दहा-बारा ओळींचे झाले होते, आणि त्यात कापसाखेरीज दुसऱ्या कशाचा उल्लेख नव्हता. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या मलाही ते पान वाचता आले, आणि या लेखातील माझे सर्व म्हणणे त्या अनुभवावर उभे आहे.

हा थर हलका का असावा, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे भक्कम म्हणजे अवजड अशी एक समजूत खोलवर रुजलेली आहे. निद्रिस्त फंक्शन जागे होताना आपला सगळा बारदाना अंगावर घेऊन उठते. बारदाना जितका जड तितका पहिल्या उत्तराला विलंब, आणि झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जेथे मोबाईलच्या संदेशलहरी आधीच क्षीण, तेथे हा विलंब म्हणजे अर्ज अर्ध्यावर तुटणे. पण त्याहून मोठे कारण असे की हलकी वस्तूच पुरती वाचून होते. शंभर सोयी असलेली अवजड चौकट स्वीकारणारा तिच्यातील नव्वद सोयी कधी उघडून पाहत नाही, आणि न पाहिलेल्या खोलीतच साप निघतो.

अर्थात या युक्तीवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. दुसऱ्याने फुकट दिलेल्या वस्तूवर सरकारी दप्तर का टेकवावे, असे कोणी विचारील. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा कार्यक्रम त्याच्या कर्त्याने रागाने मागे घेतला, तेव्हा त्यावर नकळत विसंबलेल्या जगभरच्या नामांकित कंपन्यांची कामे अडून बसली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या नोंदी ठेवणाऱ्या सुप्रसिद्ध लायब्ररीतच असे भगदाड सापडले की, दरवाजा राखण्यासाठी नेमलेल्या कारकुनाच्याच कमरेची किल्ली चोराच्या हाती जावी. यावर उपाय म्हणजे उसनवारी सोडणे नव्हे, ती हिशेबाने करणे: जी आवृत्ती तपासली तीच बांधून ठेवणे, तिची प्रत आपल्याजवळ असणे, आणि दोन-तीनच फंक्शने असतील तर वीस ओळी स्वतः लिहून लायब्ररीच्या वाटेला न जाणे. दुसरा आक्षेप क्रमाचा. थर असून भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो. नोंद टिपणारा जर ओळख पाहणाऱ्याच्या मागे बसला, तर ज्यांना दारातूनच परत लावले त्यांची कोठे खूणही उरत नाही, आणि कोणी शंभर वेळा कुलूप हलवून गेला हे सकाळी कोणाला कळत नाही. गाडी खाली केल्यावर भरल्या गाडीचे वजन करता येत नाही.

तिसरी उणीव सर्वांत गहन, आणि ती आपल्याला पुन्हा शेंदुरसनीला नेते. हा थर एका वेळी एकच अर्ज पाहतो. त्या २७ हजारांतली कोणतीही एक नोंद सुटी हातात घेतली असती, तर कदाचित तिच्यात वावगे काही दिसले नसते: नाव आहे, तारीख आहे, गावाचा संकेतांक आहे, आत येणाऱ्याजवळ परवलीचा शब्द आहे. वावगे होते ते ढिगात, आणि ढीग पाहण्यासाठी आठवण लागते, जी फंक्शनला नसते. म्हणून थराच्या मागे एक कायम खातेवही हवी, आणि दर मागणीगणिक थराने तिला विचारले पाहिजे: या गावाच्या नावावर आज किती झाले, या महिन्यात किती, गेल्या वर्षी या महिन्यात किती? हा प्रश्न कोणतीही लायब्ररी आपण होऊन विचारीत नाही. तो ज्याला सुचतो तो माणूस आर्णीच्या पंचायत समितीत असतो, मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसलेला कारागीर नव्हे. आणि या दोघांची गाठ पडेल असे एक पान आपल्या कारभारात आज नाही.

ते पान असावे, एवढीच माझी मागणी आहे. जिल्ह्यासाठी वा राज्यासाठी कोणतीही संगणकीय सेवा विकत घेताना, निविदेतच अट असावी की दारावरचे सर्व नियम एकाच ठिकाणी, मुख्य कामापासून वेगळे लिहिलेले असतील, आणि त्यांची क्रमवार यादी मराठीत एका पानावर तहसीलदाराला वाचता येईल; ती वाचून त्याने तिच्यावर सही करावी, आणि नियम बदलला तर पुन्हा करावी. नियम उघड केले तर चोराचे फावेल, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की, फाटकावर काटा आहे हे प्रत्येक शेतकऱ्याला व प्रत्येक अडत्याला ठाऊक असते. त्या ठाऊक असण्याने कापसाचे वजन वाढत नाही.

आणि त्या पानावर नकाराचा रकानाही असावा. मारेगाव, केळापूर, झरी-जामणी या भागांतील कोलाम पोडांवर घरी जन्मलेल्या, कागदाचा चिटोराही नसलेल्या मुलाची नोंद उशिरा होणे हा गुन्हा नसतो. वेशीवरचा पहारा कडक करण्याच्या उत्साहात पहिला बळी त्याचाच जाईल, कारण सत्तावीस हजार खोट्या मुलांना कोणी तरी वकील देतो, त्या एका खऱ्या मुलाला कोणी देत नाही. म्हणून थराने ‘नाही’ म्हणताना कारण सांगावे, पुढे कोणाकडे जावे हे सांगावे, आणि त्या नकाराचीही नोंद व्हावी. ओलावा अधिक म्हणून परत फिरविलेल्या शेतकऱ्याला निदान ठाऊक असते की कापूस चार दिवस उन्हात घालून पुन्हा यायचे आहे.

कागदी वहीने जे एक वाक्य फुकट म्हणून दाखविले असते ते आता पैसे मोजून, विचार करून, कोणाच्या तरी हातून लिहवून घ्यावे लागेल, ते फार लांबलचक नाही, आणि लिहिणाऱ्याने ते दाराशी बसवावे, आत कोठे दडवू नये: ‘या गावाची वही संपली आहे, दुसरी हवी असल्यास साहेबांना समक्ष भेटावे.’